पालक बदलून मिळण्याबाबत

बालवर्गाच्या बाईंनी बावीस वर्षांत पालकांबद्दल जे जे म्हणून तोंडातल्या तोंडात पुटपुटलं होतं, त्यातलं एकच वाक्य त्यांनी कागदावर उतरवलं, आणि नेमकं तेच मंजूर झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याचं असं झालं. शिक्षण कचेरीकडून पाहणीचा एक कागद आला. 'लहान मुलांच्या सुरुवातीच्या गणितात पालकांची भूमिका : शिक्षकांची मते.' एकूण प्रश्न तेवीस. पालकांनी मुलांबरोबर जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात का? होय. लहान-मोठं, कमी-जास्त असे शब्द घरात वापरावेत का? होय. चार वर्षांच्या मुलाकडून तिसापर्यंत पाढे पाठ करून घ्यावेत का? इथे बाईंनी 'नाही' इतक्या जोरात लिहिलं की कागदाला भोक पडलं. त्यांच्या वर्गातला एक पठ्ठ्या सत्तावीसचा पाढा धडाधड म्हणायचा, पण दोन पायांना मोजे किती लागतील म्हटलं की भोकाड पसरायचा. 'माझंही गणित कच्चंच होतं' असं म्हणून पालक हसतात, तेव्हा आपल्याला काय वाटतं? बाईंनी लिहिलं, 'संताप.'

तेविसाव्या प्रश्नापाशी त्या आल्या तेव्हा शाळा सुटून पाऊण तास झाला होता. वर्गात त्या आणि भिंगरी अशा दोघीच. भिंगरी सहा वर्षांची, पायांत दोन रंगांच्या दोन चपला, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. तिला न्यायला बाबा यायचे. आई नव्हती, तीन वर्षांपूर्वी गेली. बाबांचा धंदा घरं हलवून देण्याचा. एका घरातलं सामान काढायचं, टेम्पोत बसवायचं, दुसऱ्या घरात लावून द्यायचं. लोकांच्या घराला उशीर झाला की भिंगरीला उशीर, आणि भिंगरीला उशीर म्हणजे बाईंना उशीर.

बाईंनी वाट बघता बघता भिंगरीची गृहपाठाची वही उघडली. 'घरात खुर्च्या किती?' पुढे भिंगरीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात 'पुरेशा'. 'चमचे किती?' 'उरतात.' 'उशा किती?' 'एक कमी.' बाईंचं डोकं तापलं. तेवढ्यात बाबा आले, खांद्यावर दोरखंड, केसांत कुणाच्या तरी माळ्यावरची धूळ.

"हे काय आहे?" बाईंनी वही समोर धरली. "किती म्हणून विचारलंय. पुरेशा हा काय आकडा झाला?"

बाबांनी वही नीट वाचली. "बरोबर लिहिलंय की, बाई. दोघंच असतो आम्ही. बसायला पुरतात."

"पण मोजल्यात का?"

"मोजायचं काय त्यात? दिसतंय ना."

"तुम्ही घरी हिच्याबरोबर कधीच काही मोजत नाही?"

बाबा खरोखर विचारात पडले. "नाही बुवा. तशी वेळच येत नाही," ते म्हणाले, आणि भिंगरीला टेम्पोत बसवून निघून गेले.

बाईंनी तेविसावा प्रश्न वाचला. 'पालकांच्या सहभागाबाबत आपली काही सूचना असल्यास.' त्यांनी लिहिलं, 'काही पालक बदलून मिळाले तर फार बरं होईल.' लिहिल्यावर त्यांना जरा गार वाटलं. शेवटच्या रकान्यातलं कुणी वाचत नसतं, असा समस्त शिक्षकवर्गाचा जुना विश्वास आहे. शेजारच्या वर्गाच्या बाई तिथे नळाच्या वायसरची तक्रार लिहायच्या. नऊ वर्षं लिहीत होत्या आणि नळ नऊ वर्षं गळत होता.

पण या वेळी वाचणारा निघाला. कचेरीत नवा पर्यवेक्षक आला होता, आणि तो बाईंच्या पहिल्यावहिल्या वर्गातला मुलगा होता. चार वर्षांचा असताना बाईंनी त्याला सांगितलं होतं, हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. तो आजही कचेरीत टाचण्यांचा डबा उघडायच्या आधी हात धुऊन यायचा. बाई म्हणाल्या म्हणजे ते खरं, बाई म्हणाल्या म्हणजे ते करायचं, यावर तो शिकला, नोकरीला लागला आणि पर्यवेक्षक झाला. बाईंचं वाक्य वाचून तो खुर्चीतून उठून उभा राहिला म्हणे.

तीन आठवड्यांत परिपत्रक निघालं. विषय : पालक बदलून मिळण्याबाबत. वर ठळक अक्षरांत बाईंचं वाक्य, खाली 'एका ज्येष्ठ शिक्षिकेचे मत'. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ते सगळ्या शिक्षकांसमोर वाचून दाखवलं आणि टाळ्या वाजवल्या. "आपल्या शाळेचं नाव झालं हो!" त्या म्हणाल्या. बाईंना तेव्हाच सांगता आलं असतं की अहो, मी चिडून लिहिलं होतं. पण टाळ्या चालू होत्या, आणि बावीस वर्षांत बाईंसाठी टाळ्या अशा वाजल्याच नव्हत्या. त्या गप्प बसल्या. मनात म्हणाल्या, कचेरीचे कागदी घोडे, चार दिवस नाचतील आणि बसतील.

घोडे बसले नाहीत. आधी पालकांची परीक्षा झाली. बालवर्गाच्या चिमुकल्या खुर्च्यांवर तीस पालक गुडघे हनुवटीला लावून बसले. पर्यवेक्षक प्रश्न वाचायचा आणि पालकांनी बोट वर करून उत्तर द्यायचं. सत्तावीसच्या पाढ्यावाल्या मुलाचे वडील प्रश्न संपायच्या आधीच उत्तर द्यायचे, त्यांना शहाण्णव गुण मिळाले. एक बसड्रायव्हर बाप खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आपल्या मुलीच्या बोटांकडे बघून उत्तरं देत होता. तो पकडला गेला, पण पालक आणि मूल यांचा सहभाग उत्तम म्हणून त्याला उलट पाच गुण जास्त दिले.

मग भिंगरीच्या बाबांची पाळी आली.

"एका डब्यात सात गोट्या आहेत," पर्यवेक्षकाने वाचलं. "त्यात आणखी पाच टाकल्या. आता डब्यात किती?"

"डबा केवढा आहे?" बाबांनी विचारलं.

"प्रश्न गोट्यांचा आहे, डब्याचा नाही."

"असं कसं? सातातच डबा भरला असला तर पाच टाकणार कुठे? वरून ढीग केला तर वाटेत सांडतील."

पर्यवेक्षकाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी जमिनीकडे पाहिलं. त्याने शून्य लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. "तुमच्या घराला खिडक्या किती?"

"ऊन येतं दोन्ही वेळा," बाबा म्हणाले, आणि ज्याला उत्तर येतं त्या माणसासारखे समाधानाने बसले.

शंभरात चार. तेही नाव सुवाच्य लिहिल्याबद्दल.

सबंध शाळेतून नापास असे ते एकटेच. त्यामुळे योजनेचा सगळा जोर त्यांच्यावर आला. भिंगरीला बदली पालक म्हणून जे गृहस्थ मिळाले, ते जनगणना खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना गणतीवाले म्हणायचे. उभं आयुष्य लोकांच्या दारात उभं राहून आत माणसं किती ते विचारण्यात गेलेलं. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, पण पालक म्हणून शंभरात अठ्ठ्याण्णव. दोन गुण कापले ते अनुभव नाही म्हणून. माणूस वाईट नव्हता. स्वच्छ, हळू आवाजात बोलणारा, खिशात नेहमी टोक केलेल्या दोन पेन्सिली.

नियम असे होते. चार आठवडे मूल पूर्णवेळ नव्या पालकाकडे. तोवर जुन्या पालकाने भेटायचं नाही, भेटीने जुन्या सवयी उसळतात. चार आठवड्यांनी शिक्षिकेने मत द्यायचं. सुधारणा असेल तर नवे पालक कायम. सुधारणा नसेल तर यादीतले पुढचे पालक.

"आणि परत बाबांकडे कधी?" बाईंनी विचारलं.

"तशी तरतूद नाही, बाई," पर्यवेक्षक आदराने म्हणाला. "तुमच्या वाक्यात 'बदलून' आहे. 'परत' नाही. मी पुन्हा पुन्हा वाचलं."

भिंगरीच्या बाबांनी कागदावर सही केली. एवढा मोठा माणूस, एकटा कपाट उचलणारा, पेन मात्र दोन्ही हातांनी धरून. "बाईंनीच सांगितलंय म्हणजे पोरीच्या भल्याचंच असेल," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्यांनी भिंगरीचं सामान आणलं होतं एका पिशवीत. गणतीवाल्यांनी ते तिथेच टेबलावर काढून मोजलं. कपडे, स्वेटर, छत्री, गोधडी, बुटांचे जोड, कापडी ससा, कंगवा, रंगपेटी, नग एकतीस. मोजून झाल्यावर ते पिशवीत परत जाईना. छत्री आत तर ससा बाहेर, ससा आत तर गोधडी बाहेर. शेवटी शाळेतून आणखी दोन पिशव्या दिल्या. बाबा हात मागे बांधून बघत होते. मदत करायची परवानगी नव्हती.

पहिल्या आठवड्यात भिंगरी शाळेत आली ती घरापासून शाळेपर्यंतची पावलं पाठ करून. दुसऱ्या आठवड्यात ती डब्यातले घास मोजायला लागली. मध्येच कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे डबा अर्धाच संपायचा. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सकाळी विचारलं, "काय गं भिंगरे, कशी आहेस?"

"अठरा किलो दोनशे," भिंगरी म्हणाली.

मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. "बघा! बघा फरक!" त्या म्हणाल्या आणि वहीत टिपून घेतलं.

फरक होताच. पूर्वी ही पोरगी सकाळपासून बाबांनी काल कुणाचं घर हलवलं ते सांगत सुटायची. एकांचा पलंग जिन्यातून उतरेना, मग बाबांनी तो उभा करून असा फिरवला. एका आजींनी एवढ्या बरण्या आणल्या, मग बाबांनी त्या पातेल्यांत बसवल्या, पातेली बादलीत आणि बादली टोपलीत. बाई तेव्हा म्हणायच्या, पुरे गं बाई तुझं पुराण, इकडे लक्ष दे. आता ती इकडेच लक्ष देत होती. वर्गात मास्तर छडी घेऊन उभे असावेत तशी शांतता होती, आणि बाईंना ती सोसवत नव्हती.

बाबा भेटायला येत नव्हते, नियमच होता. पण शाळा भरताना आणि सुटताना कोपऱ्यावर टेम्पो उभा असायचा, शाळेकडे पाठ करून. आधी बाईंना वाटलं, काम असेल जवळपास. मग एक दिवस त्या फाटकात उभ्या असताना त्यांना दिसलं, टेम्पोच्या बाहेरचा आरसा भलत्याच कोनात वळवलेला होता. आरशात बघणं म्हणजे भेटणं नव्हे. नियमात कुठेही आरसा नव्हता.

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. तरीही त्यांनी स्वतःला समजावलं, की पोरगी आकडे तर शिकतेय. वीसपर्यंत अडखळणारी आता दोनशेपर्यंत जातेय. आपलं मत चुकलं कुठे?

ते त्यांना चौथ्या आठवड्यात, बुधवारी कळलं. बालवर्गात लाकडी ठोकळ्यांची एक पेटी होती. चौकोनी, लांबट, त्रिकोणी, कमानीचे, सगळे ठोकळे एका ठराविक रीतीने बसवले तरच झाकण लागायचं. ती रीत कुणालाच येत नव्हती, बाईंनाही नाही. सुतार देऊन गेला तेव्हा एकदा लागलं होतं, त्यानंतर वर्षानुवर्षं झाकण पेटीवर नुसतं ठेवलेलं असायचं. भिंगरी आली आणि पहिल्याच महिन्यात तिने खेळून झाल्यावर ठोकळे भरले, झाकण खट्कन लावलं आणि बडबडत निघून गेली. रोज तसंच. बाईंनी तिला त्याबद्दल नीटनेटकेपणाच्या रकान्यात दहापैकी दहा दिले होते.

त्या बुधवारी भिंगरी पेटीसमोर बसली होती. एकेक ठोकळा उचलून मोजून आत टाकत होती. झाकण लागेना.

"चौसष्ट आहेत, बाई," ती म्हणाली. "सगळे आहेत."

"मग झाकण का नाही लागत?"

"माहीत नाही." तिने पुन्हा पेटी उपडी केली आणि पुन्हा मोजायला लागली. एक, दोन, तीन.

बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि उजेडात पहिलं काय दिसलं तर स्वतःची लाज. कुठला ठोकळा कुठल्या कोपऱ्यात जाईल, आडवा की उभा, कुणाच्या पोटात कुणाला घालायचं, कुठे किती जागा उरेल, हे या पोरीला नुसतं बघून कळत होतं. हे गणित होतं. बावीस वर्षं आपण जे खडू घासून शिकवतोय त्याच्या कितीतरी पुढचं गणित होतं, आणि ते घरून आलं होतं, टेम्पोतून, दोरखंड खांद्यावर टाकून. आपण त्याला नीटनेटकेपणा म्हणालो. आणि ज्याने ते दिलं, तो माणूस बदलून मागितला.

शाळा सुटल्यावर त्या तशाच कचेरीत गेल्या. पर्यवेक्षक त्यांना बघून हात धुऊन आला.

"मला माझं मत मागे घ्यायचंय," बाई म्हणाल्या.

"कुठलं, बाई?"

"तेच. बदलून मिळण्याचं. मी रागात लिहिलं होतं रे. मला घरी जायला उशीर झाला होता, बस्स."

पर्यवेक्षकाचा चेहरा असा पडला, की त्याला डबा घरी विसरल्याचं आठवलं असावं. "रागात?" त्याने विचारलं. "म्हणजे तुम्ही काही गोष्टी नुसत्याच रागात म्हणायच्यात?"

"बऱ्याचशा," बाई म्हणाल्या.

मग त्याने कपाटातून एक नमुना काढला. एखादंच मत मागे घेता येत नव्हतं. मतं कुणाची, हे बघितलं जायचं. शिक्षिकेला आपलं एक मत चुकीचं वाटत असेल, तर तिची मतंच भरवशाची नाहीत असं धरून सगळी रद्द व्हायची, पहिल्या दिवसापासूनची, आणि त्यांवर निघालेली परिपत्रकंही. अमुक मूल पुढच्या वर्गात जाण्यास योग्य आहे, हे बाईंनी बावीस वर्षांत सहाशे बारा वेळा लिहून दिलं होतं. तीही मतंच.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे सहाशे बारा जणांचा बालवर्ग अपूर्ण. मी धरून." त्याने नमुन्याची कड सरळ केली. "आणि तुमची बावीस वर्षं सेवेत धरता येणार नाहीत. तुम्ही पुन्हा शिकाऊ. रजिस्टरात तुमच्या नावापुढे 'मत नाही' असं लिहावं लागेल. बाई, चार वर्षांनी तुम्ही निवृत्त होणार. कशाला? ती मुलगी दोनशेपर्यंत मोजतेय. लिहा की सुधारणा आहे."

बाई त्या नमुन्याकडे बघत राहिल्या. खोटं कशाला बोला, त्यांचा हात लगेच पुढे झाला नाही. बावीस वर्षांत त्यांनी घर केलं नव्हतं, गाव पाहिलं नव्हतं, जे काही कमावलं ते एवढंच, की बाई म्हणाल्या म्हणजे तसं. ते गेलं तर उरतं काय, रोज सकाळी शेंबूड पुसायचा रुमाल. त्यांना स्वतःची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला.

"पेन दे," त्या म्हणाल्या.

सही झाल्यावर पर्यवेक्षकाने शिक्का मारला. मग लहान आवाजात विचारलं, "मला सोमवारपासून यावं लागेल का?"

"ये. डबा आण," बाई म्हणाल्या.

मूल परत देण्याचा सोपस्कार शनिवारी, बालवर्गातच ठेवला होता. पर्यवेक्षक मोठ्या खुर्चीत बसायला तयार होईना, त्याचा बालवर्ग पुरा झालेला नव्हता. तो चिमुकल्या खुर्चीत बसला आणि मांडीवर पाटी ठेवून तिच्यावर कागद ठेवला. मोठ्या बाई बाईंशी बोलत नव्हत्या, कारण मोठ्या बाईंची धाकटी बहीण सहाशे बारांत होती. गणतीवाले भिंगरीला घेऊन वेळेवर आले. बाबा त्यांच्याही आधी आले होते. केस पाण्याने चापून बसवलेले, आणि भिंतीला टेकून असे उभे, की जागा कमी लागावी.

भिंगरी पळत आली नाही. पावलं मोजत आली.

"इथे पोच लिहून द्या," पर्यवेक्षक म्हणाला. "मूल, नग एक, सुस्थितीत मिळाले."

बाबांनी पेन घेतलं नाही. सामान उघडून बघितल्याशिवाय पोच द्यायची नाही, ही त्यांच्या धंद्यातली पहिली शिकवण. गिऱ्हाईक कितीही घाई करो. ते भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसले. तिचे कोपर पाहिले, गुडघे पाहिले, तळहात उलटे करून पाहिले, कानामागे पाहिलं. भिंगरी शहाण्यासारखी वळत होती. मग त्यांनी तिची हनुवटी वर केली आणि ओठ अंगठ्याने खाली केला.

"इथे दात होता," ते म्हणाले.

"तो पडला. नैसर्गिकरीत्या," गणतीवाले घाईने पुढे झाले. "गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी, पाच वाजून दहा मिनिटांनी. विसातून एक गेला, एकोणीस आहेत. मी रोज रात्री... म्हणजे नोंद आहे." त्यांनी खिशातून एक कागदी पुडी काढली. वर तारीख, वेळ, खालचा, समोरचा, डावीकडचा. सगळं सुबक अक्षरात.

बाईंना तो पडलेला दात दिसला होता. बालवर्गात दात पडतच असतात. त्या 'अरे वा' म्हणून पुढच्या मुलाकडे गेल्या होत्या.

बाबांनी पुडी घेतली. पेन घेतलं. पोचपावतीवर खालच्या बाजूला 'कमी आढळलेले' अशी एक ओळ असते, तिथे त्यांनी हळूहळू लिहिलं, 'दात, एक.'

पर्यवेक्षक खुर्चीसकट उठला. "मोजलंत!" तो ओरडला. "बाई, यांनी मोजलं! आकडा लिहिला!" त्याने तिथल्या तिथे गुणपत्रक काढलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "उत्तीर्ण! आता यांना बदलायची गरजच नव्हती. बाई, तुमची सही... ती मात्र आता झालेली आहे."

कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाबा अजून गुडघ्यांवरच होते, पुडी मुठीत धरून.

"पडला तेव्हा रडली का?" त्यांनी गणतीवाल्यांना विचारलं.

गणतीवाल्यांनी डायरी काढली. मंगळवारचं पान उघडलं, बोट फिरवलं, पान उलटलं, परत मागे आले. "रक्त तीन थेंब," ते म्हणाले. "गुळण्या चार. रडण्याचं... नाही लिहिलेलं काही. मी बघितलं नाही हो."

"नाही रडले," भिंगरी म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात आकडा नव्हता. "तू नव्हतास ना, बाबा. मग कुणाजवळ रडू?"

आणि मग ती रडली. पडून अकरा दिवस झालेल्या दातासाठी, तोंड उघडं टाकून, साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशी. बाबांनी तिला उचललं तशी ती त्यांच्या मानेत आणि खांद्यात जिथे मावायची तिथे जाऊन मावली. गणतीवाले डायरी मिटून उभे होते, पेन्सिल कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. बाईंनी त्यांच्या हातून ती घेतली, आणि आपला रुमाल त्यांना दिला.